पांढऱ्यात काय जुळवायचं?

आमच्या गाडीच्या बॉनेटवर हरभऱ्याच्या डाळीएवढा एक पांढरा ठिपका आहे. गाडीही पांढरीच. तरी तो दिसतो. इतका दिसतो की दूधवाल्यानं एकदा गळ्यातला रुमाल काढून तो पुसायला घेतला होता. पेट्रोल पंपावरचा पोरगा ओलं फडकं घासून घासून दमला. शेजारचे नाना दर दोन दिवसांनी फाटकाशी येऊन सांगतात, "सर, कावळ्यानं घाण केलीये. वाळायच्या आत धुऊन टाका, रंग खातं ते." नानांचं म्हणणं खरं आहे. उन्हात वाळलेली पाखरांची घाण रंगाला खातेच. फक्त या बाबतीत तो कावळा मी आहे.

गाडी मारुती ८००, सन २००४, नंबर एमएच १८. म्हणजे धुळ्याची. तेव्हा मी नोकरीला धुळ्यात होतो. पुढे बदली जळगावला झाली, पण नंबर माहेरचाच राहिला. एमएच १९ च्या गावात एमएच १८ ची गाडी चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आकाशवाणी चौकात गाडी जरा अडखळली, की मागचा मोटरसायकलवाला शेजाऱ्याला समजावतो, "धुळ्याची आहे, जाऊ दे भो." आणि धुळ्यात गेलो, की मामा म्हणतात, "जळगावले जाईसन पार बिघडी गयी ही."

सरकारी हिशेबात खासगी गाडी पंधरा वर्षांनी म्हातारी होते. मग दर पाच वर्षांनी तिला, आपण पेन्शनवाले देतो तसा, हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१९ साली हे काम ६०० रुपयांत झालं. एप्रिल २०२२ पासून त्याच कामाचे ५००० झाले. २०२४ च्या मे महिन्यात आमची पुन्हा पाळी आली, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "पाच हजार भरायचे, तर गाडी जरा माणसात आणा. साहेबासमोर अशी न्यायची का?"

'अशी' म्हणजे कशी, ते सांगतो. बॉनेटवरचा टवका एरंडोलजवळ उडाला. तरसोद ते फागणे या महामार्गाचं चौपदरीकरण चालू असताना जळगाव-धुळे ये-जा केलेल्या कुठल्याही गाडीचं बॉनेट बघा, पुढच्या डंपरनं त्यावर खडीची सही केलेली असते. भिंतीकडच्या मडगार्डावरचा पोचा मी स्वतः, रिव्हर्स घेताना, सौभाग्यवती "या, या, या, या" म्हणत असताना मिळवला. त्यांचं म्हणणं, शेवटचा 'या' हा 'या' नव्हता, 'अय्या' होता.

पण सगळ्यांत शोभिवंत जखम रस्त्याकडच्या दाराला होती. ती पोळ्याची. गावाकडे गेलो होतो, गाडी वेशीजवळ लावली होती, आणि झूल पांघरलेला, शिंगं ताज्या हिंगुळानं रंगवलेला एक बैल मिरवणुकीतून जाताना माझ्या दाराला मान घासून गेला. दारावर वीतभर गुलाबी पट्टा उमटला, खाली पत्रा दिसेपर्यंत ओरखडा. बैलाच्या शिंगाच्या टोकाला माझा पांढरा लागला होता. मी तोंड उघडायच्या आत बैलाचा मालक हात जोडून म्हणाला, "नशीबवान आहात सर. पोळ्याच्या दिवशी नंदी घासून गेला." मग सौभाग्यवतींनी बैलाला ओवाळलं आणि मी पुरणपोळी खाऊन परत आलो. त्या शिंगावरचा तो पांढरा मात्र फार बेमालूम बसला होता. तेवढी जुळणी पुढे कुणालाच साधली नाही.

मी वाचणारा माणूस. कुठलंही काम पुस्तकातून सुरू करतो. तेव्हा आधी गाडीचा कोड शोधला. बॉनेट उघडलं, की आत एक चिमुकली पत्र्याची पाटी असते, तिच्यावर गाडीची कुंडली कोरलेली असते. आमच्या गाडीचा रंग 'सुपीरियर व्हाइट', कोड २६ यू. त्या कोडाची बाटली मिळाली. नेलपॉलिशची असते तेवढीच, झाकणाला आतून ब्रश. काम कसं करायचं तेही वाचलं होतं. टवका आधी साबणानं धुवायचा, गंज असेल तर पाणीपेपरनं घासून काढायचा, उघड्या पत्र्याला प्रायमर लावायचा, आणि मग रंगाचा एकच जाड थेंब न ठेवता पातळ पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. हे सगळं मी केलं. फक्त दुपारी एक वाजता केलं. मे महिन्यातल्या जळगावात दुपारी एक वाजता बॉनेटवर भाकरी भाजते. ब्रश टेकेपर्यंत रंग वाळत होता. तिसऱ्या थराला ब्रशचा एक केसही आत राहिला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाहिलं. ठिपका लख्ख. बाकीची गाडी त्याच्यापुढे आजाऱ्यासारखी दिसत होती. कोड बरोबर, कंपनी बरोबर, बाटलीवरचं नाव बरोबर, आणि तरीही बॉनेटवर जणू कुणी वरून नेम धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फाटकाशी आले.

"पांढऱ्यात काय जुळवायचं, असं म्हणत होतात ना?" सौभाग्यवती चहा देताना म्हणाल्या.

"अगं, कोड बघून आणला होता."

"कोड साडीवरपण असतो. मी कधी कोड वाचून ब्लाउजपीस आणलाय?"

इथे मला फुले मार्केटमधल्या मॅचिंग सेंटरबद्दल सांगायला हवं. कित्येक वर्षं मी तिथे दाराबाहेर पिशव्या धरून उभा राहिलोय. आतला प्रकार ठरलेला: साडीचा पदर काउंटरवर पसरायचा, दुकानदार न बघता मागे हात घालून बारा राणी रंग काढतो, बाराही ट्यूबलाइटखाली अगदी तोच रंग दाखवतात. मग ही दोन तुकडे आणि पदर घेऊन बाहेर पायरीवर येते, उन्हात धरते, "छे" म्हणते आणि आत जाते. इतकी वर्षं मला वाटायचं, ही मोकळ्या हवेसाठी बाहेर येते. दोन रंग एका उजेडात सख्खे भाऊ दिसतात आणि दुसऱ्या उजेडात चुलतही राहत नाहीत, याला रंगशास्त्रात भलंमोठं नाव आहे. त्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीयेत. फुले मार्केटच्या पायरीवर त्याला "उन्हात बघा" म्हणतात.

"नमुना घेऊन जा," ती म्हणाली. "गाडीचा पदर काहीतरी निघत असेल ना?"

निघतो. पेट्रोलच्या टाकीवरचं बाहेरचं झाकण. दोन स्क्रू काढले, की हातात येतं. मी ते कापडी पिशवीत घातलं आणि अजिंठा चौफुलीकडे एका पेंटरकडे गेलो. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, कंप्रेसर, लांबी लावलेल्या निम्म्या-अर्ध्या गाड्या, आणि भिंतीवर जुनी पाटी: 'ड्युको पेंटिंग'. ड्युको हे १९२० च्या दशकातल्या अमेरिकन रंगाचं नाव. तो येण्याआधी गाडी रंगवायला आठवडे लागत, म्हणून तर फोर्डसाहेबानं बरीच वर्षं एकच लवकर वाळणारा काळा रंग ठेवला होता. कंपनीचं नाव लोक विसरले, पण रंगाचं नाव आमच्या चौफुलीवर अजून उन्हात उभं आहे.

आप्पांनी झाकण उलटंपालटं केलं. मी कोड सांगितला. ते हसले. "भो, तो कंपनीचा पांढरा. तुमची गाडी कंपनीतून निघून वीस वर्सं झाले. आता तिचा पांढरा येगळा झाला."

मग त्यांनी रंग जुळवायला घेतला. प्लास्टिकच्या मगात पाव लिटर पांढरा ओतला, आगपेटीतली एक काडी काळ्या रंगाच्या डब्यात बुडवली, आणि काडीच्या टोकावरचा एकच थेंब पांढऱ्यात सोडला. माझ्या तोंडून "अहो, काळा?" निघून गेलं.

"तुमचे आजोबा धोतराला नीळ देत होते का नाही?"

देत होते. मी गप्प बसलो. दुसऱ्या काडीनं पिवळा, तोही मातकट पिवळा, दोन थेंब. तिसऱ्या काडीनं लालचा भास होईल इतका लाल. स्क्रू ड्रायव्हरनं ढवळत आप्पांनी मगात एकदा डावा डोळा मिटून पाहिलं, एकदा उजवा. मग करंगळीनं एक बोट झाकणावर ओढलं आणि झाकण विटेवर, उन्हात ठेवलं.

"जास्त गडद वाटतोय," मी म्हणालो.

"ओला रंग खोटं बोलतो. वाळू द्या."

चहा आला. अजिंठ्याकडे जाणारी एसटी वळणावरून गेली, आणि मला वाटलं, रंग जुळवायची ही भानगड या रस्त्याला काही नवी नाही. अजिंठ्याची लेणी कागदोपत्री शेजारच्या जिल्ह्यात, पण माणूस उतरतो जळगाव स्टेशनातच. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल तिथे आला आणि भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवण्यात त्यानं जवळजवळ वीस वर्षं काढली. ती चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिलची कबर आमच्या भुसावळला आहे. पुढे १९२० च्या सुमाराला निजाम सरकारनं मूळ चित्रं सांभाळायला इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी रंग निघू नये म्हणून वरून लाखेचा थर दिला. तो थर काही वर्षांत पिवळा पडला, आणि मागाहून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. दीड-दोन हजार वर्षांच्या रंगावर चकाकी मारणाऱ्या उस्तादांपुढे माझी नेलपॉलिशची बाटली अगदीच किरकोळ. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "लाख पिवळी पडतेच भो. विचारायचं ना कोणाला."

पहिलं बोट वाळलं, ते निळसर. पुन्हा पिवळा. दुसरं बोट वाळलं, ते ताकासारखं. पुन्हा पांढरा, आणि काळा काडीच्या टोकाच्याही टोकावर. तिसरं बोट वाळलं आणि मला सापडेना. मी झाकण फिरवून फिरवून पाहिलं. बोट कुठे ओढलं होतं, ते आप्पांनी झाकण तिरकं धरून दाखवलं, तेव्हा फक्त कडेची उंची दिसली. ना तराजू, ना मशीन. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

मग ते झाकण आम्ही पोळ्याच्या दाराला लावून पाहिलं. रंग जुळेना. झाकण दुधाचं, दार सायीचं.

आप्पांनी विचारलं, "गाडी घरी कशी लावता?" मी सांगितलं. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता, पश्चिमेचा. त्यांनी मान हलवली. झाकण भिंतीच्या बाजूचं होतं. म्हणजे इतकी वर्षं गाडीच्या एका बाजूला सावली होती आणि दुसऱ्या बाजूला जळगाव. एकाच गाडीचे दोन पांढरे झाले होते, आणि बॉनेटचा, म्हणजे सूर्याकडे तोंड करून झोपलेल्याचा, तिसराच.

"मग दार जुळवून फक्त दार मारा," मी म्हणालो.

"मारतो. पण भो, दार मारलं का पुढचं मडगार्ड जुनं दिसेल. मडगार्ड मारलं का बॉनेट दिसेल. बॉनेटला पाहून डिक्की रुसेल. त्यापेक्षा पूर्ण गाडी मारून घ्या. एनसी मारू का पीयू?"

एनसी म्हणजे स्वस्त, हवेवर वाळणारा, पॉलिश मागणारा. पीयू म्हणजे हार्डनर घालून मारायचा, महाग, पण चमक टिकाऊ. पीयूत पूर्ण गाडीचा आकडा ऐकला आणि तो गाडीच्या बाजारभावाच्या इतका जवळचा होता, की यात गाडी फुकट मिळतेय का, असं विचारावंसं वाटलं. दार तेवढं ठरलं. आप्पांनी दाराशी जुळवून नवा रंग बनवला, आणि तेव्हाच त्यांना आठवलं, की पुतणीचं लग्न आहे, शेड पंधरा दिवस बंद. मे महिन्यात खानदेशात कुठलंही काम सांगा, मध्ये एक पुतणी निघतेच. माझी आरटीओची तारीख दहा दिवसांवर होती. आप्पांनी तयार रंग डब्यात भरून दिला, वर झाकण ठोकलं आणि म्हणाले, "धुळ्यात कोणीपण मारून देईल. जुळवला मी आहे, सांगा."

हे वाक्य मी धुळ्यात तसंच्या तसं सांगायला नको होतं.

जळगाव-धुळे सुमारे ९० किलोमीटर. देवपुरात मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून दाराच्या पट्टीला नख लावलं, आणि जाहीर केलं, "भाचा, हाई गाडीले गंज गंज लागेल शे." ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: पहिला गंज म्हणजे पुष्कळ, दुसरा गंज तो गंज. इतक्या कमी शब्दांत इतकं नुकसान दुसरी कुठली भाषा सांगत असेल, असं मला वाटत नाही. मामी आमरसाबरोबर मांडे करत होत्या, त्यामुळे मी ते निमूट ऐकून घेतलं.

मामांच्या ओळखीचा पेंटर चाळीसगाव रोडला. त्यानं आप्पांचा डबा उघडला, नाकाशी नेला, बोट बुडवलं, दारावर ओढलं. "जयगावना माणूसनी पिव्वा कमी टाका," असा निकाल दिला आणि काडीनं एक थेंब टाकला. माझी खात्री आहे, त्या थेंबानं काहीही फरक पडला नाही. पण तो टाकल्याशिवाय धुळ्याच्या माणसाला जळगावचा रंग मारता आला नसता.

काम पहाटे पाचला. कारण विचारलं, तर म्हणाला, "ऊन निंघनं का रंग हवामाच वायी जास." खरं आहे. या दिवसांत गनमधून निघालेला थिनर दारापर्यंत पोचायच्या आत उडून जातो आणि पत्र्यावर रंगाऐवजी पूड बसते, हात फिरवला तर खरखरीत लागते. कोकणात पेंटर हवेतल्या पाण्याला भितात, आमच्याकडे कोरडेपणाला. आणि दुसरी भीती गावाच्या नावातच आहे. पेंटरनं जमिनीवर तीन बादल्या पाणी मारलं, भिंत ओली केली, वरचं छत झटकून घेतलं. मी म्हणालो, एवढ्यानं धूळ थांबेल? तो म्हणाला, "धूय ते धुयानीच शे, तिले कोठे धाडशात?"

दार आदल्या दिवशीच घासून, लांबी भरून, प्रायमर मारून ठेवलं होतं. हिंगुळाचा शेवटचा गुलाबी कण पाणीपेपरखाली निघताना मला उगीच वाईट वाटलं. मग काचेला आणि हँडलला टेप लावून त्यावर जुने पेपर चिकटवले. माझ्या काचेवर नेमकं रविवारचं वधू-वर पान उलटं आलं. पेंटर गन साफ करत होता, तेवढ्यात मी मान वाकडी करून वाचलं: गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ, सावळी. इतकं बारीक शेडकार्ड कुठल्या रंग कंपनीकडे नसेल. आणि इथेही छापलेला कोड आणि प्रत्यक्षातला रंग यांत फरक निघाला, की मंडळी पोहे खाऊन उठतातच.

तीन हात पातळ मारले, चौथा जरा ओला. सहा वाजता दार असं दिसत होतं, की मला कुठून कुठपर्यंत मारलंय ते कळेना. मी पेंटरचा हात हातात घेतला. त्याच वेळी शेजारच्या कंपाउंडमधून एक ट्रक निघाला आणि ओल्या दाराच्या बरोबर मध्यावर एक कण येऊन बसला. पेंटर काढायला गेला नाही. हात लावला तर बिघडेल, वाळल्यावर रबिंग कंपाउंडनं निघेल, म्हणाला. वाळल्यावर वरचा निघाला, खालचा राहिला. नख फिरवलं तर लागतो. आता गाडीत एमएच १८ फक्त नंबरपुरता नाही.

आरटीओत साहेबांनी चेसिस नंबर पाहिला, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला. मग कागदावरचं 'सुपीरियर व्हाइट' वाचून गाडीकडे नजर टाकली. दाराकडे, भिंतीकडच्या बाजूला, झाकणाकडे. मी पोटात गोळा धरून उभा. समोर किमान तीन सुपीरियर होते, आणि कुणाला त्यांतला मूळचा विचारला असता, तर मलाच सांगता आलं नसतं. साहेब पुढे आले, बॉनेटशी थांबले, अंगठ्याच्या नखानं ठिपका खरवडून पाहिला.

"कावळा?"

"रंग आहे, साहेब."

"हं," म्हणाले, आणि सही केली. आता २०२९ पर्यंत काळजी नाही.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी दार सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, रस्त्यावरचा दिवा लागल्यावर पाहिलं. दुपारी खालच्या कोपऱ्यात किंचित दुधी वाटतं, असं त्यांचं मत पडलं. "पण चालेल. काठाकडे जातं ते." वीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याही खरेदीला दिलेला हा सर्वांत चांगला शेरा आहे.

बॉनेटचा ठिपका तेवढा राहिला. आप्पा लग्नाहून परतलेत. ते म्हणतात, ठिपक्यासाठी अख्खं बॉनेट मारावं लागेल, आणि बॉनेट मारलं की मडगार्ड दिसेल. पुढचं मला पाठ आहे. तेव्हा जळगावात कुठे एमएच १८ ची पांढरी मारुती उभी दिसली, तर कृपा करून फडकं काढू नका, पाणी मारू नका, नख लावू नका. नानांनाही कोणीतरी सांगा. तो रंग आहे.